कातळावर पडलेलं बी

एचआयव्ही अंगात शिरला की शरीर तिथेच हात टेकतं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिल्या दोन महिन्यांत शरीर जी झुंज देतं, ती नुसती वाचतानाही दम लागतो. संसर्ग झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत विषाणू शिगेला पोचतो. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती मिळू शकतात. माणसाला तेव्हा ताप येतो, घसा धरतो, मानेत गाठी येतात, अंगावर पुरळ उठतं. पावसात भिजून आलेला ताप आणि हा ताप यांतला फरक आमच्याकडे कुणाला कळणार? दोन गोळ्या घ्यायच्या, पेज प्यायची, चौथ्या दिवशी उठून कामाला लागायचं. आणि मग, एकही औषध दिलेलं नसताना, तो आकडा घसरायला लागतो. शंभर पटींनी, कधी त्याहूनही जास्त.

हे करतं कोण? अँटिबॉडी नव्हेत. विषाणूला खरोखर अडवू शकतील अशा अँटिबॉडी तयार व्हायला अजून काही महिने असतात, आणि त्या येईपर्यंत विषाणूने रूप पालटलेलं असतं. हे काम सीडी-८ नावाच्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं. सीडी-४ हे नाव एव्हाना सगळ्यांच्या कानावरून गेलंय, कारण विषाणू त्याच पेशींत घर करतो आणि त्यांचीच मोजणी रिपोर्टवर येते. सीडी-८ना आमच्या रुग्णालयाच्या कार्डावर कधी रकानाही मिळाला नाही. विषाणू शिरलेली पेशी हुडकायची, तिला जाऊन भिडायचं, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोक पाडायचं आणि त्यातून ग्रँझाइम नावाची मारक द्रव्यं आत सोडायची, एवढं त्यांचं काम. पेशी मरते, तिच्यात तयार होत असलेला विषाणू तिच्याबरोबर जातो. १९९९ साली माकडांवरच्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी या पेशी काही काळापुरत्या रक्तातून काढून टाकल्या, तेव्हा एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद भराभर वर चढला. पेशी परतल्या तसा तो खाली आला. याहून रोखठोक पुरावा काय हवा!

पुढे विषाणूचा आकडा एका पातळीवर येऊन टेकतो. ही पातळी माणसागणिक वेगळी असते, आणि औषध नसेल तर पुढची वर्षं कशी जाणार हे पुष्कळसं तिच्यावर ठरतं. विषाणू गप्प बसलेला नसतो. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात आणि जवळजवळ तेवढेच संपवले जातात. बाहेरून बघणाऱ्याला माणूस ठणठणीत. बहुतेकांत ही तोलामोलाची लढाई वर्षानुवर्षं चालते आणि सरासरी दहाएक वर्षांनी शरीर हरतं. पण शंभरात एकाहूनही कमी माणसांत विषाणूची पातळी इतकी खाली जाते की एका मिलिलिटरला ५० प्रतीसुद्धा सापडत नाहीत, आणि तशीच राहते. वर्षानुवर्षं, औषधाविना. त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात. त्यांच्याच शेजारी आणखी काही जण असतात: विषाणू थोडाफार दिसतो, पण सीडी-४ पेशींचा आकडा दहा-दहा वर्षं ५०० च्या खाली येत नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, समुपदेशक आहे. प्लायवूडच्या पार्टिशनमागे टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचं कपाट. पार्टिशनपलीकडे गरोदर बायांची रांग, त्यामुळे इकडे बोलायचं ते हळू आवाजात. जिच्याबद्दल आता लिहिणार आहे तिची ओळख पटेल असं काही मी येऊ देणार नाही, गावही बदललंय आणि वयही. २०१७ चा एचआयव्ही कायदा तसं सांगतो. तो नसता तरी मी तसंच केलं असतं.

काकी सुकी मासळी विकायची. बाजाराच्या दिवशी यायची, म्हणजे गाडीखर्च एकदाच. पिशवीत सुके बांगडे, गोलमा, कधी सोडे. आत आल्याबरोबर पिशवी खुर्चीखाली ढकलायची आणि वर पदराने झाकायची, आम्हाला वास येऊ नये म्हणून. त्याने वास काही थांबायचा नाही. नवरा मुंबईत कामाला होता. आजारी होऊन गावी आला तो पडूनच राहिला आणि गेला. त्यानंतर हिची तपासणी झाली.

मोफत औषधं सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मिळायला लागली, पण सगळ्यांना नाही. सीडी-४ २०० च्या खाली उतरला तरच. पुढे ती रेघ ३५० वर आली, मग ५०० वर. जे रेघेच्या वर होते त्यांचं नाव प्री-एआरटीच्या, म्हणजे औषधं सुरू होण्याआधीच्या, रजिस्टरात राहायचं आणि दर सहा महिन्यांनी सीडी-४ तपासायचा. काकीच्या कार्डावर त्या आकड्यांची ओळ आहे. वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली: ७१२, ६८०, ७९५, ७४०. पांढरं कार्ड घड्यांवर पिवळं पडलं, एका घडीला चिकटपट्टी लागली, आकडे तसेच. बरोबरीची नावं एकेक करून औषधांच्या रजिस्टरात गेली, काही त्याच्याही पुढे गेली. हिचं नाव जागचं हललं नाही. तिच्या रक्तात विषाणू नेमका किती होता, हे त्या वर्षांत कोणी मोजलं नाही. ती चाचणी तेव्हा अशा कुणासाठी होतच नव्हती. म्हणून मी तिला एलिट कंट्रोलर म्हणणार नाही. ती रेघेच्या वर राहिली, एवढं खरं.

"माझां रगात बरां आसा मां?" असं विचारायची. आहे म्हटलं की हात जोडायची. "माका वेतोबान राखल्यान." देवाला गाऱ्हाणं घातलेलं, केळ्यांचा घड वाहिलेला. माझी त्याला हरकत नाही. देवाला केळी वाहून कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान करतात ते काढेवाले. एकाने तिला गुळवेल आणि आणखी कसली तरी मुळं घातलेली बाटली विकली होती, ती संपेपर्यंत पुढची तयार. तिचे आकडे चांगले होतेच, ते चांगलेच राहिले, आणि त्याचं श्रेय बाटलीने खाल्लं. मग त्या बाटलीची कीर्ती ऐकून ज्याला खरोखर गोळ्यांची गरज होती तो एक पोरगा काढ्यावर राहिला. एड्स बरा करतो असा दावा करून औषध विकायला आपल्याकडे औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये चक्क बंदी आहे, आणि त्या यादीत एड्स अगदी वर आहे. आठवडी बाजारात कोण यादी वाचतंय.

मग तिला कशाने राखलं? तिच्याबद्दल मला ठामपणे सांगता येणार नाही. पण तिच्यासारख्यांबद्दल पुष्कळ कळलेलं आहे, आणि त्यात पथ्याचा, सदाचाराचा, मनाच्या ताकदीचा कुठे मागमूस नाही.

पहिली शंका विषाणूवरच येते: लेचापेचा असेल. असं घडलेलं आहे. सिडनीत एकाच रक्तदात्याचं रक्त मिळालेली काही माणसं वर्षानुवर्षं धडधाकट राहिली, तेव्हा शोध घेतल्यावर त्यांच्यातल्या विषाणूच्या नेफ नावाच्या जनुकाचा तुकडाच गळालेला निघाला. त्यातल्याही काहींचं सीडी-४ पुढे घसरलं, ते वेगळं. पण बहुतेक कंट्रोलरांत विषाणू अंगापिंडाने धडधाकट असतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली एका जोडप्याबद्दल लिहिलं. एकाकडून दुसऱ्याला गेलेला विषाणू तोच, एकाला एड्स झाला, दुसऱ्याने तो औषधाविना दाबून ठेवला. हे वाचताना मला काकी आठवली. ज्या विषाणूने नवऱ्याला काही वर्षांत आडवं केलं, तोच बहुधा हिच्या अंगात येऊन निमूट बसला होता.

दुसरी शंका, विषाणूला दारच उघडलं नसेल. सीसीआर-५ नावाच्या ज्या रेणूला धरून तो पेशीत शिरतो, तो रेणू काही लोकांच्या पेशींवर नसतो, हे १९९६ साली कळलं. बर्लिन पेशंट म्हणून नाव झालेल्या टिमोथी रे ब्राऊनला अशाच दात्याच्या मूळपेशी मिळाल्या आणि एचआयव्हीतून बरा झालेला तो पहिला माणूस ठरला. पण तो बदल उत्तर युरोपातल्या लोकांचा. आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच, तेव्हा त्यावर इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

राहतं ते माणसाचं स्वतःचं पेशीगणित. २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. हजाराच्या आसपास कंट्रोलर आणि अडीच हजारांहून जास्त साधे रुग्ण घेऊन त्यांचा सगळा जनुकसंच चाळला. फरक सापडले तीनशेहून अधिक, आणि ते सगळे एकाच ठिकाणी: सहाव्या गुणसूत्रावर, एचएलए जनुकांच्या आवारात. बाकी सगळ्या जनुकसंचात ठोस असं एकही नाही. एचएलए म्हणजे आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाहेर असलेले रेणू. पेशीच्या आत जी प्रथिनं बनतायत त्यांचे बारीक तुकडे ते बाहेर आणून दाखवतात. सीडी-८ पेशी ते तपासतात. तुकडा घरचा असेल तर पुढे जातात, परका असेल तर मारतात. कोणते तुकडे बाहेर आणायचे हे मात्र ज्याच्या त्याच्या एचएलएच्या खाचेच्या आकारावर ठरतं. ही खाच आईकडून एक, बापाकडून एक अशी आलेली असते. बी-५७ आणि बी-२७ या प्रकारांच्या खाचेत एचआयव्हीच्या गॅग प्रथिनाचे असे तुकडे बसतात की विषाणूची पंचाईत होते. तो एरवी रूप बदलून निसटतो, कारण स्वतःची नक्कल करताना तो धडाधड चुका करतो आणि त्यातली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. पण गॅगचे हे तुकडे त्याच्या गाभ्याच्या कवचातले. तिथे बदल केला तर नजरेतून सुटतो खरा, पण कवच नीट जुळत नाही आणि वाढ मंदावते. बी-३५ च्या काही प्रकारांत उलटं होतं, आजार झपाट्याने पुढे जातो.

सीडी-८ पेशींची संख्या यात फारशी मोजायची नसते. साध्या रुग्णातही एचआयव्ही ओळखणाऱ्या सीडी-८ भरपूर असतात, फक्त त्या थकलेल्या असतात. सततच्या माऱ्याने त्यांच्यावर पीडी-१ सारखे थांबवणारे रेणू उगवतात. शत्रू समोर दिसतो, हात उचलत नाही. कंट्रोलरांच्या पेशी विषाणू दिसताच वाढतात आणि परफोरिनने भरून निघतात.

आणि हे वाण फुकट मिळत नाही. बी-२७ असणाऱ्यांना मणक्याच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा धोका जास्त. बी-५७ च्या एका प्रकाराच्या माणसांना अबॅकॅव्हिर दिलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, आणि अबॅकॅव्हिर हे एचआयव्हीवरचंच औषध. शिवाय बी-५७ असूनही आजारी पडलेली माणसं ढिगाने आहेत. तेव्हा हे वाणही हमखास नव्हे.

आमच्या गावांत आजाराचं नाव कळलं की पहिला प्रश्न 'कसो झालो?' आणि तो प्रश्न उपचारासाठी नसतो, निवाड्यासाठी असतो. नवऱ्याचा निवाडा गावाने केव्हाच केला होता. काकी ठणठणीत राहिली तेव्हा तिचाही केला, उलट दिशेने: बाई पुण्यवान, म्हणून वाचली. मला दोन्हींचा सारखाच राग येतो. सहाव्या गुणसूत्राच्या एका कोपऱ्यात काय वाढून ठेवलंय ते जन्माआधी ठरतं. त्यात तिची कमाई नाही, आणि नवऱ्याचं दिवाळं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते. एचआयव्ही स्वतःचा आराखडा माणसाच्या डीएनएत शिवून टाकतो. म्हणून गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत तो परत उसळतो. कंट्रोलरांत हे शिवलेले विषाणू कुठे असतात? २०२० साली 'नेचर'मध्ये झू यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ एलिट कंट्रोलरांच्या पेशी तपासून याचं उत्तर दिलं. त्यांच्यातले धडधाकट, पूर्ण विषाणू बऱ्याचदा डीएनएच्या अशा पट्ट्यांत मिळाले जिथे काही चालत नाही. जनुकं जवळपास नाहीत, किंवा आहेत ती मिटलेली. एकोणिसाव्या गुणसूत्रावरची काही ठिकाणं, गुणसूत्रांच्या मधल्या कमरेजवळचे भाग.

सड्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काजूची बी कातळावर पडते. मृग बरसतो, आजूबाजूच्या खळग्यात तेरडा आणि गवत माजतं, बी आहे तशी. ती मेलेली नसते. उचलून परसात टाकली तर पंधरा-वीस दिवसांत वर येईल. कातळावर मात्र तिला मूळ धरायला जागा नाही. पण गंमत पुढेच आहे. या माणसांत विषाणू मुद्दाम कातळ बघून पडला, असं नाही. तो सगळीकडे पडला असणार, मातीतही. मातीत पडलेला रुजला, त्याने दोन पानं काढली, आणि ती पानं सीडी-८ च्या नजरेस पडली. रुजला तो उपटला गेला. वर्षानुवर्षं ही खुरपणी चालली आणि शेवटी उरलं ते कातळावरचं. कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्ग यांना १९९२ मध्ये निदान झालं होतं. त्यांच्या दीडशे कोटी पेशी तपासल्या तर पूर्ण विषाणू एकही मिळाला नाही. अर्जेंटिनातल्या एस्पेरांझा गावच्या एका बाईंबद्दल २०२१ साली तसंच वाचायला मिळालं. औषधांच्या जोरावर नव्हे, प्रत्यारोपणानेही नव्हे.

हे ऐकून कुणालाही वाटेल की झुंज जितकी जबर तितकं भलं. सूटी मँगाबे नावाचं पश्चिम आफ्रिकेतलं माकड हा समज मोडून काढतं. (आमच्याकडे वांदर म्हटलं की माणसं आधी माडाकडे बघतात आणि मग शिव्या देतात. हा तो नव्हे.) एचआयव्ही-२ माणसांत आला तो याच्याकडून. या माकडाच्या रक्तात त्याचा विषाणू भरपूर असतो, आयुष्यभर असतो, आणि माकड आजारी पडत नाही. सुरुवातीला त्याचं शरीरही खडबडून उठतं, पण काही आठवड्यांत शांत होतं. तोच विषाणू आशियातल्या ऱ्हीसस माकडात घातला तर ते एड्सने मरतं. माणसातही फार मोठी नासधूस विषाणूइतकीच आपल्या चढलेल्या प्रतिकारशक्तीची असते. पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी-४ पेशींचा फडशा पडतो, आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं, जिवाणूंचे अंश रक्तात येतात आणि शरीर कायमचं तापलेलं राहतं. दक्षिण आफ्रिकेत जन्मतःच बाधित झालेल्या मुलांमध्ये काही अशी सापडली आहेत, की रक्तात विषाणू भरपूर, सीडी-४ उत्तम आणि शरीर मँगाबेसारखं थंड. म्हणजे विषाणूला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा निसर्गात आहेत, आणि एकमेकींच्या अगदी उलट.

कंट्रोलर हे पहिल्या तऱ्हेचे, आणि म्हणून त्यांना किंमत मोजावी लागते. विषाणू चाचणीत दिसत नसला तरी त्यांच्या शरीरातला दाह बाधा नसलेल्या माणसापेक्षा जास्त असतो, त्यामुळे हृदयरोगाचा धोका वाढतो. काहींचा ताबा पुढे सुटतोही. २०१५ साली 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या चाचणीने दाखवलं की सीडी-४ ५०० च्या वर असतानाच औषध सुरू करणं फायद्याचं. २०१७ पासून आपल्याकडे सीडी-४ कितीही असो, सगळ्यांना गोळ्या.

काकीला हे पटवणं सोपं गेलं नाही. "माका साधी सर्दीसुदा होवक नाय. गोळी कशाक देतंस?" मी आतड्याचं सांगितलं, हृदयाचं सांगितलं, मँगाबेचंही सांगितलं. माकडाची गोष्ट तिला आवडली, पटली नाही. शेवटी धाकट्या जावेला झटका आलेला तिला आठवला, आणि ती हृदयाच्या मुद्द्यावर घरंगळली. आता रोजची एक गोळी आहे, टीएलडी, तीन औषधं एकत्र केलेली. सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या चाचणीत विषाणू सापडला नाही. त्याचं श्रेय गोळीचं की तिचं, हे आता कधीच सांगता येणार नाही.

२०२३ साली त्याच झू यू आणि त्यांचे सहकारी लिक्टरफेल्ड यांच्या गटाने वीस-वीस वर्षं गोळ्या घेणाऱ्यांच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यातल्या काहींतही उरलेला विषाणू हळूहळू कातळाकडे सरकलेला दिसला. गोळी विषाणूला वाढू देत नाही, आणि तेवढ्या निवांत वेळात शरीर आपली खुरपणी करत राहतं. हे मी तिला कौतुकाने सांगितलं.

"मगे ही गोळी बंद कधी?"

"बंद नाय गे काकी. अजून नाय." तीन महिन्यांच्या बाटल्या पुढे केल्या आणि म्हटलं, पुढच्या खेपेला चवथीच्या आधी येऊन जा, नंतर गाड्यांना गर्दी.

तिचा चेहरा पडला. चवथीला मुंबईहून मुलगा, सून, नातवंडं येणार. मुलाला माहीत आहे, सुनेला नाही. बाटली एरवी तांदळाच्या डब्यात असते, पण चवथीत तांदूळ सून काढते. मी माळा सुचवला, तर त्यावर नातू चढतो. देवाच्या फळीमागे, तर तिथे मखर येणार. तिनेच मग खुर्चीखालची पिशवी पायाने पुढे ओढली.

"सुक्या बांगड्यांच्या डब्यात ठेवतंय. सुनेक वास सोसणा नाय, ती झाकाण उघडूची नाय."